झीज कोण भरून काढतो?

भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत ऋषीची भाजी शिजते. अळू, माठ, अंबाडी, पडवळ, शिराळे, सुरण, काकडी, मक्याचे कणीस असे परसात, कुंपणावर किंवा कुदळीने खणलेल्या वाफ्यात जे उगवते ते एकत्र करायचे. नियम एकच: बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खायचे नाही. नांगरटीच्या रानातले धान्य आणि डाळ वर्ज्य.

या व्रताची कहाणी शेतकऱ्याच्या घरातच घडते. आईबाप मरून गेलेले. बाप मुलाच्याच गोठ्यात बैल होऊन आलेला, आई त्याच दारात कुत्री होऊन राहिलेली. मुलाने बापाचे श्राद्ध घातले. कुत्रीने पाहिले की खिरीत सापाने गरळ टाकली आहे. ब्राह्मण मरू नयेत म्हणून तिने भांड्याला तोंड लावले आणि सुनेच्या हातचा मार खाल्ला. बैलाला दिवसभर तोंड बांधून नांगराला जुंपले आणि रात्री वैरणही घातली नाही. ज्याच्या नावाने पान वाढले तोच गोठ्यात उपाशी उभा होता. रात्री दोघे एकमेकांना आपले दुःख सांगतात आणि मुलगा ते ऐकतो.

आपल्या ताटातल्या घासामागे कोणाचे श्रम आहेत आणि त्या श्रमणाऱ्याला आपण काय दिले, हा प्रश्न इतक्या उघडपणे मांडणाऱ्या कथा थोड्या आहेत. मात्र कहाणी पुढे जे सांगते ते आज स्वीकारता येणार नाही. आईला कुत्रीचा जन्म मिळतो तो विटाळ न पाळल्याबद्दल, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून व्रत करायचे ते बायकांनी. बैलाच्या भुकेची भरपाई घरातल्या स्त्रीच्या उपासाने होते. बैलाला जुंपणारा पुरुष मोकळा राहतो. कथेने ऋण बरोबर ओळखले आणि ते फेडण्याचे काम भलत्याच माणसावर टाकले. शेती कशाने टिकते या प्रश्नाचा विचार करताना ही चूक नीट ध्यानात ठेवावी लागते, कारण ती कहाणीपुरती राहिलेली नाही.

‘टिकाऊ’ हे विशेषण मराठीत मुळात वस्तूंना लागते. कापड टिकाऊ, भांडे टिकाऊ, म्हणजे लवकर न झिजणारे. शेत त्या अर्थाने कधीच टिकाऊ नसते. दर सुगीला कणसाबरोबर जमिनीतले नत्र, स्फुरद, पालाश गावाबाहेर जाते. दर पावसात थोडी माती ओढ्याला लागते. नांगर धरणारा, खुरपणारी, बैल हे सगळे दर वर्षी थोडे झिजतात. झीज थांबवता येत नाही, भरून काढता येते. म्हणून शेतीच्या टिकण्याचा प्रश्न तंत्राचा असण्याआधी देण्याघेण्याचा आहे, आणि देण्याघेण्याचा प्रश्न भारतीय धर्मविचारात फार जुना आहे.

तैत्तिरीय संहितेत जन्मतःच ब्राह्मणावर तीन ऋणे सांगितली आहेत: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे. शतपथ ब्राह्मण त्यांत चौथे घालते, माणसांचे, आणि आलेल्याला आसरा आणि अन्न देणे ही त्याची फेड मानते. तैत्तिरीय उपनिषदातला भृगू बापाकडे ब्रह्म म्हणजे काय हे विचारायला जातो, तेव्हा तपाअंती त्याला पहिले उत्तर मिळते ते अन्न. पुढे तो प्राण, मन, विज्ञान आणि आनंद इथपर्यंत चढतो. पण शेवटी उपनिषद पुन्हा अन्नाकडेच परतते आणि अगदी घरगुती वाटावेत असे नियम सांगते. अन्नाला नावे ठेवू नयेत, ते टाकू नये, ते पुष्कळ पिकवावे, दारी आलेल्याला परत पाठवू नये. पुष्कळ पिकवणे आणि कोणालाही परत न पाठवणे या दोन गोष्टी इथे एकाच श्वासात येतात. उत्पादन आणि वाटप यांची फारकत त्या विचाराने केलेली नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात याचे चक्र होते. प्राणी अन्नातून, अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून आणि यज्ञ कर्मातून. या चक्राला हात न लावता जो नुसता भोगतो तो चोर, आणि जो केवळ स्वतःसाठी रांधतो तो पाप खातो. स्मृतींनी हाच विचार स्वयंपाकघरात आणला. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने. तिथे किडामुंगी मरतेच. त्याच्या परिमार्जनासाठी रोजचे पाच यज्ञ, त्यांत भूतमात्रासाठी आणि अतिथीसाठी काढून ठेवलेला घास. जैन परंपरा याहून पुढे गेली. जमीन फोडण्याचा व्यवसाय तिने श्रावकाने टाळावयाच्या धंद्यांत घातला, कारण फाळाखाली अगणित जीव मरतात. पण दुसऱ्याने नांगरलेले खाऊन हिंसेतून सुटका होत नाही. ती फक्त दृष्टीआड होते. जेवणे म्हणजे कशाची तरी झीज करणे हे मान्य करून तिची भरपाई रोज करायची, ही गृहस्थाची भूमिका अधिक प्रामाणिक वाटते.

यज्ञाचा हा अर्थ सर्वांत स्वच्छ शब्दांत विनोबांनी मांडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सतराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी सांगितले की माणूस तीन संस्थांसह जन्माला येतो: सृष्टी, समाज आणि शरीर. तिन्हींचा तो रोज वापर करतो, तिन्हींची झीज होते. सृष्टीची झीज भरून काढणे म्हणजे यज्ञ, समाजाची भरून काढणे म्हणजे दान, शरीराची भरून काढणे म्हणजे तप. सृष्टीच्या बाबतीत त्यांनी दिलेले उदाहरण शेतीचेच होते: पिके घेऊन जमिनीचा कस जातो, तो मेहनतीने आणि खताने तिला परत करायचा. होमातल्या तुपापेक्षा उकिरड्यातले शेणखत यज्ञाच्या अधिक जवळ आले.

विनोबांच्या या मांडणीचे मोल असे की तिन्ही खाती एकत्र तपासावी लागतात. एका खात्याची झीज दुसऱ्यातून उचलून भरली तर जमाखर्च जुळल्यासारखा दिसतो, पण तूट तशीच राहते. आजवरच्या बहुतेक शेतीपद्धतींत नेमके हेच झाले आहे.

सृष्टीचे खाते सांभाळण्याची अक्कल दख्खनच्या कोरडवाहू शेतकऱ्याजवळ होती, आणि तिला शब्दही होते. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण म्हणजे बेवड. हरभऱ्याचा किंवा भुईमुगाचा बेवड चांगला, हे ज्ञान मुळांवरच्या गाठीतले जिवाणू हवेतले नत्र जमिनीत आणतात हे कळण्याच्या कितीतरी आधीचे. ज्वारी-बाजरीत तूर, मटकी, हुलगा, अंबाडीची इरवड टाकायची, म्हणजे एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते आणि घरात भाकरीबरोबर कालवणही येते. धनगरांची मेंढरे रानात बसवून घ्यायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य द्यायचे. कडबा बैलाला, शेण रानाला. इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये भारतात आला तो इथल्या शेतकऱ्याला शिकवण्यासाठी. इंदूरच्या संस्थेत कंपोस्टची पद्धत बसवून तो १९३१ मध्ये परतला, आणि इथल्या शेतकऱ्यांकडून आपणच शिकलो असे त्याने पुढे मानले. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत करण्याच्या नियमावर त्याने आपली सगळी मांडणी उभी केली.

हे चक्र गावाच्या शिवेतच पुरे होत नव्हते, हे जोतीराव फुल्यांनी त्याच्याही आधी पाहिले होते. १८८३ साली पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते डोंगरांकडे बोट दाखवतात. डोंगरावरचा पालापाचोळा, शेणलेंड्या, मेलेल्या जनावरांचे अवशेष पावसाबरोबर खाली शेतात येत आणि तेच शेताचे खत होई. जंगलखात्याने डोंगर आणि गायराने बंद केली तेव्हा जनावरे घटली आणि शेतांचा कस गेला. उपाय म्हणून त्यांनी सुचवले की सरकारने लष्करातल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या हातांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग ओढ्यानाल्यांना मिळेल. आज पाणलोट विकास या नावाने जे शिकवले जाते त्याचे सार या सूचनेत आहे. फुले तिथेच थांबत नाहीत. मातीचा कस, सावकाराचे व्याज, शेतसारा, कुलकर्ण्याची लेखणी आणि सणावारी होणारी धार्मिक लुबाडणूक ही त्यांच्या लेखी एकाच नागवणुकीची अंगे आहेत. ज्याला श्रमाचे काही उरत नाही तो मातीला काय परत करणार?

जुन्या गावगाड्याचे गुणगान करणाऱ्यांनी हे दुसरे खाते बहुधा उघडलेलेच नसते. समाजाच्या खात्यावर तो गावगाडा दिवाळखोर होता. मेलेले ढोर ओढून नेणे महारांकडे आणि चामडे कमावणे चांभार-ढोरांकडे होते. म्हणजे ज्या कामांनी सृष्टीचे चक्र पुरे होई तीच कामे करणारे गावकुसाबाहेर होते. झीज भरून काढणारा माणूस अपवित्र आणि त्याच्या श्रमाचे खाणारा पवित्र, ही यज्ञाच्या कल्पनेची पूर्ण उलथापालथ आहे. डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले ते म्हणूनच. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस वेठ करावी लागे, आणि ते बलुतेही मागून घ्यावे लागे. ते वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. शेकडो वर्षे चालली एवढ्यावरून त्या व्यवस्थेला शाश्वत म्हणणे म्हणजे कहाणीतल्या मुलाने श्राद्ध नीट पार पडले असे म्हणण्यासारखे आहे.

ती व्यवस्था पोट भरण्याचीही खात्री देत नव्हती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि मुलगाही गेला. वारकरी परंपरा सांगते की त्यानंतर तुकोबांनी सावकारीची आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. उपाशी माणसाकडून येणे वसूल करायचे नाही, हा निर्णय शेतीच्या टिकण्याशी जितका जोडलेला आहे तितके बी-बियाणेही नसेल.

दानाचा, म्हणजे समाजाच्या झिजेच्या भरपाईचा, एक नमुना जुन्या शेतीत होता: सरवा. पीक काढून नेल्यावर रानात राहिलेली कणसे, शेंगा, कापसाची बोंडे वेचून न्यायला भूमिहीन बायका येत आणि त्यांना कोणी हटकत नसे. यहुदी धर्मशास्त्रात याचा कायदाच आहे. शेताचा कोपरा कापायचा नाही, पडलेले उचलायचे नाही. ते गरिबाचे आणि परक्याचे. सातव्या वर्षी जमीन पड टाकायची, तिला विसावा द्यायचा आणि त्या वर्षी देणेकऱ्याचे कर्जही सोडायचे. जमिनीची विश्रांती आणि कर्जमाफी एकाच वर्षात बांधलेली असणे फार अर्थपूर्ण आहे. सरवा हक्क आहे की मालकाची मेहेरबानी, या प्रश्नाचे उत्तर यहुदी शास्त्र स्पष्ट देते: हक्क. मराठी गावात तो रिवाजावर आणि मालकाच्या मर्जीवर राहिला, आणि मळणीयंत्रे आल्यावर बहुतेक ठिकाणी आपोआप मिटला.

विसाव्या शतकाने पोटाचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. हवेतल्या नत्रापासून खत करण्याचा कारखाना १९१३ मध्ये जर्मनीत सुरू झाला. आज जगातल्या सुमारे निम्म्या माणसांचे अन्न त्या नत्रावर उभे आहे. त्याला सरसकट विष म्हणणारा ही निम्मी माणसे कोणती, हे सांगत नाही. पण नत्राची गोणी सेंद्रिय कर्बाची जागा घेत नाही, आणि भरपाई बाजारातून आणता येते अशी सवय लागली की उकिरडा, बेवड, इरवड हे शब्दच घरातून जातात.

तिन्ही खाती एकदम पाहायची असतील तर महाराष्ट्रात उसाचे शेत पाहावे. राज्याच्या लागवडीखालील जमिनीत उसाचा वाटा सुमारे चार टक्के, आणि सिंचनाच्या पाण्यातला वाटा दोनतृतीयांशाच्या आसपास धरला जातो. कृष्णाकाठी सांगली-शिरोळ पट्ट्यात अति पाण्याने हजारो हेक्टर जमीन चिबड आणि खारवट झाली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पिण्याच्या पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. त्याच जिल्ह्यात साखर कारखाने होते आणि ऊसही होता. हाच जिल्हा मार्गशीर्षात वेळ अमावस्येला घरांना कुलपे लावून रानात जातो, कडब्याच्या खोपीत पूजा मांडतो, भज्जी आणि अंबिलाचा नैवेद्य काळ्या आईला दाखवतो. तिथे श्रद्धेची उणीव नाही. श्रद्धा आणि पाण्याचा हिशेब यांची गाठ मात्र सुटली आहे.

शेतकऱ्याला याबद्दल हावरट ठरवणे अन्याय्य होईल. ऊस हे असे पीक आहे की त्याला गिऱ्हाईक ठरलेले असते आणि भाव आधी कळतो. तूर किंवा ज्वारी पिकवणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये सहकारी कारखाना उभा केला तो सावकाराच्या तावडीतून माणसे सोडवण्यासाठी, आणि त्याने खरोखर सोडवली. पण उसाच्या सभासदाचे ऋण फिटले ते आणखी खालच्याच्या अंगावर चढून. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे तोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरी मोजायची ती टनावर, उचल द्यायची ती कोयत्यामागे. मुकादमाची उचल आधीच खर्चलेली, म्हणजे श्रम करण्याआधीच विकलेले. २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलेला प्रश्न तोडकरी बायकांच्या काढलेल्या गर्भाशयांचा होता. कामाचे दिवस बुडू नयेत म्हणून शरीराचा एक भाग काढून टाकावा लागणे ही तिसऱ्या खात्यातली झीज आहे, आणि ती भरून येणारी नाही. ऋषिपंचमीच्या कथेतला विटाळ इथे बाजारभावात पुन्हा आला.

शरीराच्या खात्यात खाणाराही येतो. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि डाळी कमी पाण्यात येतात, डाळी जमिनीला बेवड देतात आणि ही सगळीच पिके पोटाला धरतात. शहरातला माणूस त्या खाईनासा झाला की कोरडवाहू शेतकऱ्याला त्या पेरणे परवडेनासे होते. शेत काय पेरणार हे ताटात निम्मे ठरते. एका दिवसाच्या ऋषीच्या भाजीपेक्षा रोजची भाकरी या बाबतीत अधिक मोठे व्रत आहे.

विनोबांनी स्वतः एक टोकाचा प्रयोग करून पाहिला. १९५० च्या सुमारास पवनारला त्यांनी पैशापासून मुक्त, बैलाविना, हाताच्या अवजारांनी शेती सुरू केली. तिचे नाव ऋषिशेती. विहीर खणण्यापासून भाजी पिकवण्यापर्यंत सगळे आश्रमवासीयांच्या अंगमेहनतीने. हा प्रयोग ज्यांनी स्वेच्छेने पत्करला त्यांच्यासाठी तप होता. दोन एकरांच्या कुणब्याला तो सांगणे म्हणजे त्याच्याच शरीराची झीज वाढवणे झाले असते. विनोबांनाही ते उमगले असावे. पुढच्याच वर्षी, १८ एप्रिल १९५१ रोजी, पोचमपल्लीत भूमिहीनांनी जमीन मागितली आणि त्यांची वाट आश्रमाच्या वाफ्यातून गावाच्या मालकीहक्काकडे वळली.

हक्काचा हाच प्रश्न पाण्याच्या बाबतीत पुरंदर तालुक्यात विचारला गेला. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे खडी फोडणाऱ्या माणसांचे तांडे पाहून अस्वस्थ झाले. पर्जन्यछायेतल्या नायगावात देवस्थानाची सुमारे चाळीस एकर पडीक जमीन त्यांनी दीर्घ मुदतीने घेतली, उतारावर बांध घातले, पाणी अडवले, विहीर पाडली. देवाच्या नावावर पडून असलेली जमीन पिकू लागली. तिथून पाणी पंचायत निघाली. तिचे नियम थोडेच होते, पण त्यांतला प्रत्येक रूढ समजुतीला धक्का देणारा होता. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात: डोई अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालायचा. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा.

या शेवटच्या नियमात सगळा तत्त्वविचार आहे. पाऊस कोणाच्या सातबाऱ्यावर पडत नाही. तो शिवारावर पडतो. मग विहिरीत उतरल्यावर तो फक्त सातबारा असणाऱ्याचा कसा होतो? भूमिहीनाचा वाटा मान्य केला की तो कोणाच्या तरी रानात वाट्याने पीक घेऊ शकतो, आणि जमीनवाल्याला त्याच्याकडे मजूर म्हणून नव्हे, पाण्याचा धनी म्हणून पाहावे लागते. सरवा इथे मेहेरबानी राहत नाही. बारमाही पीक नसल्याने सृष्टीचे खाते आवरते, डोईमाप वाटपाने समाजाचे. आणि रब्बीची ज्वारी व थोडा भाजीपाला घरी आल्याने कामासाठी गाव सोडणारी पावले काही काळ तरी थांबतात.

सगळ्या योजना टिकल्या नाहीत. उपसा सिंचनाची वीजबिले थकली, पंप बिघडले, शेजारच्या रानात ऊस दिसू लागला तशी नियमाची पकड सैल झाली. कॅनॉलचे स्वस्त पाणी ज्यांना मिळाले त्यांना डोईमाप नकोसे झाले. २००२ मध्ये साळुंखे गेले. राज्याच्या पाणीविषयक धोरणात भूमिहीनाच्या पाण्याच्या हक्काला नायगावात मिळाली तशी जागा मिळालेली नाही. सिंचनाचे पाणी आजही जमिनीच्याच मापाने मोजले जाते.